जपून काकूंचे टाके

काकू घराबाहेर पडल्या की एकदा तरी परत यायच्या. गॅस बंद केला का, मागच्या दाराची कडी लागली का, देवघरातली समई नीट ठेवली का, हे पाहायला. एकदा तर बीडच्या एसटीत बसल्या आणि गाडी वडवणीच्या बाहेर पडते न पडते तोच कंडक्टरला बेल मारायला लावून उतरल्या, उन्हातून पायी घरी आल्या. गॅस बंदच होता. "बंद व्हता ते बरं झालं. पर चालू असता तर?" हा त्यांचा नेहमीचा प्रश्न. येणाऱ्याजाणाऱ्याला त्या जपून बसा, जपून उतरा, चहा गरम हाय, जपून प्या, असं सांगत राहायच्या. त्यामुळे सगळी गल्ली त्यांना जपून काकू म्हणायची.

वडवणीच्या ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायला लागले तेव्हा मी त्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहायला आले. खोली दाखवताना त्यांनी पाण्याचं, लाइटचं काहीच सांगितलं नाही. गच्चीच्या बुटक्या कठड्याकडे बोट करून विचारलं, "म्याडम, तुमी झोपेत चालता का?" मी नाही म्हटलं. त्यांचा विश्वास बसला नसावा, कारण मी सामान घेऊन आले तेव्हा कठड्यावर तारेची जाळी लागलेली होती. पहिल्या संक्रांतीनंतर मी म्याडमची 'पोरी' झाले आणि माझ्या काळजीचाही त्यांच्या रोजच्या काळज्यांत समावेश झाला.

अशा बाईच्या अंगणात ती गाडी उभी होती.

गाडी अप्पांची, म्हणजे काकूंच्या यजमानांची. बसस्टँडजवळ त्यांचं हार्डवेअरचं आणि रंगाचं दुकान. कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे, अंगात पांढरा शर्ट आणि नखांत कायम कुठलातरी रंग. बीडमधल्या एका जुन्या जहागीरदार घराण्याचा बंगला वारसदार मोकळा करत होते. अप्पा तिथे रंगाचा अंदाज द्यायला गेले आणि मागच्या चिंचेखाली त्यांना ही गाडी दिसली. लहानपणी वडिलांबरोबर बीडला गेल्यावर रस्त्याने भुर्रकन जाताना पाहिलेली तीच गाडी. विलायती, दोनच माणसं बसतील एवढी, लांब नाकाची, वर छप्पर नसलेली. आता तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. अप्पांनी ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून घरी आणली. काकूंनी दारातूनच पाहिलं आणि म्हणाल्या, "हिला तर टपच न्हाई! उलटली मंजी?"

"आदी चालू तर होऊ दे," अप्पा म्हणाले.

इंजिनाचं त्यांना भय नव्हतं. ते बीडच्या मिस्त्रीने जमवलं. खरी दुखणी पत्र्याची होती. बसायच्या जागेखालचा पत्रा इतका कुजलेला, की वरून पाहिलं तर खालची माती दिसे. दारांखालून जाणाऱ्या दोन लांब पोकळ पेट्या म्हणजे छप्पर नसलेल्या गाडीचा कणाच. त्यांत स्क्रूड्रायव्हर टोचला की चहात बुडवलेल्या बिस्किटात जावा तसा आत जायचा. अप्पा रोज दुकानातून आले की टोचून पाहायचे. जणू आज काही फरक पडला असेल. तारेच्या ब्रशने घासायचे, लालसर भुकटी झाडायचे, पातळ पत्र्याचं वेल्डिंग मशीन आणून त्यांनी कामाला सुरुवातही केली. काकू स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत उभ्या राहत. हातातलं लाटणं तसंच.

आणि मग एका सकाळी अप्पा दुकानात, रंगाच्या डब्यांशेजारी, उभे होते तिथेच कोसळले. संभाजीनगरला नेलं. हृदयाचे ठोके मधेच थांबतात असं निघालं. छातीत डाव्या बाजूला, कातडीखाली, पेसमेकर बसवला. सोडताना डॉक्टरांनी पथ्यं सांगितली. मोबाइल डाव्या खिशात ठेवायचा नाही, चालू इंजिनावर ओणवं व्हायचं नाही, आणि वेल्डिंगच्या मशीनजवळ तर जायचंच नाही. काकूंनी विचारलं, "गेले तर काय व्हतंय?" डॉक्टर म्हणाले, काही होणारही नाही कदाचित, पण छातीतलं यंत्र गोंधळू शकतं. काकूंना तेवढं पुरेसं होतं. 'कदाचित' हा शब्द त्यांनी ऐकलाच नाही. घरी आल्यावर पहिलं काम त्यांनी केलं ते अंगणातल्या लाइटीचा फ्यूज काढून स्वतःच्या किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवायचं.

गाडी अर्धी कापलेली होती. अप्पा तिच्याजवळ खुर्ची टाकून नुसते बसून राहायचे. जेवण कमी झालं, दुकानात लक्ष लागेना. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि लोखंडी फाटकं बनवणारे गफूरभाई मदतीला आले; पण जाड लोखंडाची सवय असलेल्या हाताने या पातळ पत्र्याला भोकंच पडत गेली. "अप्पा, हे पत्रा न्हाई, पापड हाय," म्हणून त्यांनी हात टेकले. बीडहून एक रंगारी आला, तो म्हणाला वरून लांबी, म्हणजे पुट्टी, भरू, घासू, रंग मारू, नव्यासारखी दिसेल. अप्पांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं. "गंज आत ठिवून वरून तोंड धुवायचं? त्यापरीस ऱ्हाऊ दे," एवढंच बोलले.

एका दुपारी काकू पाणी भरून अंगणात आल्या तर अप्पा मशीनवरचं पोतं बाजूला करून उभे. "नुसतं बगत व्हतो," ते म्हणाले. काकूंनी पोतं पुन्हा मशीनवर ओढलं. संध्याकाळी पदर खोचून त्या गफूरभाईंच्या शेडवर गेल्या. सोबतीला मला घेतलं होतं.

"मला ते जोडायचं शिकवा," त्या म्हणाल्या.

गफूरभाई हसले. "काकू, तुमी शेगडी पेटवताना चार पावलं मागं सरता. सगळ्या गल्लीला ठावं हाय."

"म्हणूनच म्हणते. आज न्हाई उद्या आमचे मालक मशीन चालू करतील, मी कुटं कुटं बगू? मीच जवळ ऱ्हायले तर त्ये लांब ऱ्हातील."

गफूरभाईंचं हसू मावळलं. त्यांनी भिंतीवरचा काळ्या काचेचा मुखवटा काढून त्यांच्या हातात दिला.

त्यांची तयारी बघण्यासारखी होती. पेट्रोलची टाकी गाडीतून काढून थेट शेतावर गेली. अंगणात वाळूच्या बादल्या, पाण्याच्या बादल्या. कापायच्या आधी दारांच्या फटींत लोखंडी पट्ट्या आडव्या जोडून घ्यायच्या, नाहीतर गाडी मधेच वाकेल, हे अप्पांनी एकदा सांगितलं. काकूंनी सांगितल्याच्या दुप्पट पट्ट्या लावून घेतल्या. आणि अंगणात चुन्याची एक जाड रेघ मारली. रेघेपलीकडे लिंबाखाली अप्पांची खुर्ची. मशीन चालू असेपर्यंत अप्पांनी अलीकडे यायचं नाही. फ्यूज बसवायच्या आधी त्या तीनतीनदा विचारायच्या, "बसलात का? टेकून बसलात का?" अप्पा तिकडून ओरडायचे, "बसलो, बाई, बसलो!"

आधी दुकानातल्या रंगाच्या रिकाम्या डब्यांवर हात बसवला. डब्यांची चाळण व्हायची. ठिणगी उडाली की काकू दचकायच्या, दचकल्या की हात हलायचा, हात हलला की भोक. जिन्याच्या पायरीवर मी वह्या तपासत बसलेली असे, आणि खरं सांगायचं तर माझाही जीव थाऱ्यावर नसे. एकीकडे काळा मुखवटा घातलेल्या काकू, दुसरीकडे छातीवर हात ठेवून पुढे झुकलेले अप्पा. दोघांपैकी कुणाकडे लक्ष ठेवावं ते कळायचं नाही.

मुखवटा घातला की बाहेरचं काहीच दिसत नाही, हे काकूंना सर्वांत जड जात होतं. ठिणगीच्या उजेडापलीकडे अप्पा आहेत की नाहीत, हे कसं कळणार? म्हणून त्यांनी एक सवय लावून घेतली. एक ठिपका जोडायचा, मुखवटा वर करायचा, अप्पांकडे बघायचं, मुखवटा खाली घ्यायचा, थोडं लांब जाऊन दुसरा ठिपका जोडायचा. गफूरभाई एक दिवस येऊन हे बघत राहिले आणि म्हणाले, "अप्पा, काकूंचं भेव पत्र्याला मानवलं. हा पत्रा असाच लागतो. एक टाका घालायचा, थंड हुऊ द्यायचा. आमी सलग ओढत नेतो, म्हणून जळतो." काकूंना ते कौतुक वाटलंच नाही. "टाके घालणं मला येतंय," त्या म्हणाल्या, "गोधड्या काय कमी शिवल्या व्हय?"

असं करत करत डाव्या बाजूची पेटी जोडून झाली. तळाचा पत्रा बसायला लागला. अप्पा रेघेपलीकडून सूचना करत, काकू वैतागत. "तुमी बोलू नगा, मला तुमचा आवाज आला की वाटतंय उठले." मग अप्पा गप्प बसत. गप्प बसले की काकू मुखवटा वर करून विचारत, "कावून गप बसलात? बरं हाय ना?" अप्पांच्या चेहऱ्यावर पुन्हा रंग आला होता. जेवताना ते गाडीबद्दल बोलू लागले होते. मला वाटलं, आता सगळं सुरळीत होईल.

उन्हाळ्याच्या तोंडावरची दुपार होती. काकू उजव्या पेटीवर काम करत होत्या, उकिडव्या बसून, पाठ अप्पांकडे. साडीवरून अप्पांचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट घातलेला. कमरेला खोचलेल्या पदराचं टोक केव्हा सुटलं ते त्यांना कळलं नाही. मी वहीतून मान वर केली ती अप्पांच्या ओरडण्याने. "पदर! अगं, पदर!" पदराच्या टोकाला धूर होता, मग एक पिवळी जीभ. मशीनच्या चरचराटात काकूंना काही ऐकू गेलं नाही. मी हाक मारेपर्यंत अप्पा खुर्चीतून उठले होते. रेघ ओलांडून, केबलवरून, थेट मशीनला लागून पळत गेले आणि दोन्ही हातांनी तो पदर चुरगळून विझवू लागले. जिन्याशेजारीच मेन स्विच होता. तो मी खाली ओढला.

चरचराट थांबला. काकूंनी मुखवटा वर केला आणि त्यांना अप्पा दिसले, वीतभर अंतरावर, मशीनला टेकून धापा टाकणारे. स्वतःच्या जळक्या पदराकडे त्यांनी पाहिलंच नाही. अप्पांच्या छातीवर तळहात दाबून धरला आणि तशाच खाली बसल्या. मी अप्पांची नाडी पाहिली. आधी ठोके त्यांचे की माझे ते समजेना. हळूहळू समजले. एकसारखे, नीट होते.

"कावून आलात हिकडं?" काकूंनी विचारलं.

"पदर पेटला व्हता तुजा."

"पेटू द्यायचा की!" आणि मग त्या जे रडल्या ते अप्पांनी हात पुढे केला तरी थांबल्या नाहीत. अप्पांच्या तळहातांवर फोड आले होते. तेही त्यांना नंतर दिसले.

संभाजीनगरला जाऊन यंत्र तपासून आणलं. काही बिघडलेलं नव्हतं. पण घरी आल्यावर अप्पांनी गफूरभाईंना निरोप पाठवला, गाडी भंगारात घालायची आहे, ट्रॉली घेऊन या. "पत्र्यापायी तुला जाळू का काय?" असं काकूंना म्हणाले. गफूरभाईंनी मुद्दामच असेल, आज येतो उद्या येतो करत दिवस काढले. गाडी उघडीच राहिली.

त्यात अवकाळी पाऊस झाला. सकाळी काकू अंगण झाडायला गेल्या तर घासून चांदीसारखा केलेला सगळा पत्रा एका रात्रीत नारिंगी झालेला. त्यांनी बोट फिरवलं, बोटाला भुकटी लागली. ती त्यांनी पदराला पुसली. मग आत गेल्या आणि बाहेर आल्या त्या अप्पांची जुनी पँट आणि शर्ट घालून. साठीला टेकलेली, कपाळभर विभूती लावलेली बाई, नवऱ्याच्या पँटमध्ये. अप्पा चहाचा कप हातात धरून थिजले.

"हिच्यात पेटण्यासारकं काय न्हाई," काकू म्हणाल्या. "आता खुर्ची आजून मागं घ्या. आन् पोरी, तू त्या स्विचापाशीच बस."

पुढच्या आठवडी बाजारापर्यंत ही पँट वडवणीत सगळ्यांना ठाऊक झाली होती. बायका काहीतरी मागायच्या निमित्ताने फाटकातून डोकावून जायच्या. ज्यांना आरशात कुंकू वाकडं दिसलं तरी दिवसभर चुटपुट लागायची, त्या काकूंना याचं काहीच वाटलं नाही. त्यांची सगळी भीती एकाच जागी गोळा झाली होती, दुसऱ्या कशासाठी ती शिल्लकच नव्हती.

पावसाळ्याच्या आधी शेवटचा टाका पडला. दारांतल्या आडव्या पट्ट्या कापून काढल्या तेव्हा आम्ही सगळे श्वास रोखून उभे होतो. गाडी वाकली असती तर दारं बसली नसती. अप्पांनी दार लोटलं. ते खट्‌ करून लागलं. दुसरंही लागलं. काकूंनी मग ती दोन्ही दारं इतक्या वेळा उघडून लावून पाहिली, की शेवटी गफूरभाई म्हणाले, "काकू, आता बिजागरी जाईल." लाल प्रायमर अप्पांनी स्वतः मारला. वरचा गर्द हिरवा रंगही.

पहिली फेरी पालीला, बिंदुसरेच्या धरणापर्यंत. मी मागून स्कूटीवर. अप्पा सायकलच्या वेगाने चालवत होते, तरी काकूंचा एक हात डॅशबोर्डवर घट्ट आणि ओठ हलत होते. बहुधा शिवाचं नाव. धरणावर पोचल्यावर अप्पांना फोटो हवा होता. काकू मात्र वाकून गाडीच्या पोटाखाली बघत होत्या. मी विचारलं, "भीती वाटली का?"

"लई," त्या म्हणाल्या. "सगळ्या रस्त्यानं पायाखालचाच इचार. माजाच पत्रा ना त्यो. दुसऱ्या कुणी जोडला असता तर सुखानं बसले असते."

पुढे माझी बदली आष्टीला झाली, माहेरच्या गावाला. फोनवर बोलणं व्हायचं. अप्पा बरे होते, दुकान पुतण्याकडे दिलं होतं, रविवारी गाडी काढत होते. आणि एका हिवाळ्यात, दुपारच्या झोपेतच, ते गेले. काकू शेजारी तांदूळ निवडत बसलेल्या होत्या. ज्या गोष्टीसाठी त्या वर्षानुवर्षं सावध राहिल्या ती त्यांच्या हातभर अंतरावरून, काही आवाज न करता निघून गेली. त्यांच्यात दहन करत नाहीत; रीतीप्रमाणे अप्पांना बसलेल्या स्थितीत, त्यांच्याच शेतात समाधी दिली.

गाडी घ्यायला मुंबईचा एक गृहस्थ आला होता. खिशातून लोहचुंबक काढून त्याने सगळ्या अंगावरून फिरवलं. कुठे लांबी भरलेली असेल तर तिथे ते चिकटत नाही. ते सगळीकडे चिकटलं. खूश होऊन त्याने विचारलं, हे काम कुणी केलं? काकूंनी ते ऐकलंच नाही. "घर कुटं हाय तुमचं?" त्यांनी विचारलं. समुद्राला लागूनच, तो अभिमानाने म्हणाला. "खाऱ्या वाऱ्यात? न्हाई, न्हाई," म्हणून त्यांनी गाडीवर पुन्हा कापड ओढलं.

मागच्या वर्षी मी गेले तेव्हा ऊसतोडीला जायचे दिवस होते. काकूंच्या अंगणात पत्र्याच्या ट्रंका रांगेने ठेवलेल्या. बुडं गंजून गेलेल्या. कारखान्यावर निघायच्या आधी बायका त्या काकूंकडे जोडून घ्यायला आणतात. तिथे ओलीत ठेवाल तर ट्रंकेखाली विटा घाला, असं प्रत्येकीला बजावून सांगत त्या काम उरकत होत्या. ऊन उतरल्यावर मला म्हणाल्या, "चल, शेतात जाऊन येऊ."

समाधीजवळ बेलाचं रोप लावलं होतं, त्याला पाणी घातलं. मग तिथेच बसलो. काकू समाधीच्या मातीवरून हात फिरवत होत्या.

"पोरी, तू हेच शिकवतीस म्हणून इचारते. ते छातीतलं मशीन काढलं न्हाई आपण. ते आत चालू असंल का आजून?"

मला खोटं सांगता आलं असतं. "असेल काकू," मी म्हटलं. "बॅटरी बरीच टिकते. अजून पाच-सहा वर्षं तरी."

त्यांनी मान हलवली. "मी आपली ते बंद पडंल म्हणून भेत बसले. ते तर चालूच हाय."

वारा सुटला होता. त्या उठतील असं वाटलं, पण उठल्या नाहीत. रोपाभोवतीचं गवत उपटत राहिल्या.

"मंग तवर मी येत ऱ्हाईन हितं," शेवटी त्या म्हणाल्या. "येकटंच चालत बसंल बिचारं."